शोषण, ग्रहण की उचल?

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'पाण्यातल्या वनस्पती आणि शैवालं बायकार्बोनेट घेतात. मुलांच्या टिपणात त्याला शोषण म्हणू की ग्रहण? आणि बायकार्बोनेटमधलं "बाय" म्हणजे दोन काय?'

मॅडम, शब्द तुमच्या शिवारातच आहे: उचल. 'पिकानं खत उचललं' असं शेतकरी म्हणतो आणि कृषी लेखनातही 'अन्नद्रव्यांची उचल' येते. उसाची 'पहिली उचल' तर तुमच्याकडं प्रत्येक हंगामात कानावर पडते. खताची असो की पैशाची, उचल म्हटली की कुणीतरी हात पुढं करून घेतलेलं असतं. टीपकागद शाई शोषतो, तेव्हा त्याला काहीच करावं लागत नाही. शिवाय 'शोषण' म्हटलं की आज आधी पिळवणूक आठवते. 'ग्रहण' चूक नाही, पण मुलं सूर्य-चंद्राकडं वळतील.

इथं हा फरक फार मोलाचा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळं तो पेशीपटलातून आपसूक झिरपतो. बायकार्बोनेट हा ऋणभारित आयन, त्याला पटल सहजी वाट देत नाही. क्लॅमिडोमोनाससारखं शैवाल त्यासाठी पटलात वाहक प्रथिनं ठेवतं आणि ऊर्जा खर्चून त्याला आत आणतं. हीच खरी उचल. एवढा खटाटोप परवडतो, कारण सामू (pH) ८ असलेल्या गोड्या पाण्यात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनपैकी ९५ टक्क्यांहून जास्त भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो. उरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा, आणि पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो.

मात्र 'उचल' सरसकट लिहू नका. हायड्रिला ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती पानाच्या खालच्या बाजूनं प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन, सोडते. तिथलं पाणी आम्लधर्मी झालं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो पानात शिरतो. वरची बाजू अल्कधर्मी होते. पाणी कठीण (दुष्फेन) असेल तर तिथं चुन्याचं पूट चढतं. या रीतीला 'वापर' म्हणावं. केंदाळ (जलपर्णी) मात्र या टिपणात घेऊ नका. त्याची पानं पाण्याबाहेर असतात, ती कार्बन डायऑक्साइड हवेतूनच घेतात.

उचललेलं बायकार्बोनेटही तसंच कामी येत नाही. कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला (एन्झाइमला) कार्बन डायऑक्साइडच लागतो. आधी कार्बोनिक अनहायड्रेज हे दुसरं विकर ते रूपांतर घडवतं.

'बाय'चं उत्तर सोपं आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वोलॅस्टन यांनी १८१४ मध्ये हे नाव दिलं. धुण्याच्या सोड्याच्या तुलनेत खाण्याच्या सोड्यात सोडियमच्या मानानं कार्बोनेट दुप्पट, म्हणून 'बाय'. आयनात दोन कार्बोनेट नसतात. 'हायड्रोजनकार्बोनेट' हे नाव जास्त नेमकं आहे.

टिपणात असं लिहा: 'काही शैवालं पाण्यातून बायकार्बोनेटची उचल करतात. हायड्रिला पानाबाहेरच त्याचा कार्बन डायऑक्साइड करून वापरते.' हायड्रिलाच्या प्रयोगात चंचुपात्रात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतो, तो कशासाठी, हेही मग मुलांना त्याच तासाला सांगता येईल.