हृदयाचा फुगा: शस्त्रक्रिया कधी?

प्रश्न: वडिलांना (६४) गेल्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅक आला. आता इकोमध्ये डाव्या कप्प्याच्या टोकाला फुगा दिसतो. तो फुटेल का? ऑपरेशनने गुण येतो का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: अ‍ॅटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि तो भाग बाहेर फुगतो. असा जुना, खरा फुगा क्वचितच फुटतो. ‘खोटा’ फुगा मात्र वेगळा: तिथे भिंत फाटलेली असते, रक्त फक्त बाहेरच्या आवरणाने अडवलेले. तो फुटू शकतो, म्हणून लवकर ऑपरेशन लागते. तुमचा कोणता, हे डॉक्टरांना आधी विचारा.

खऱ्या फुग्यात धाप, ठोक्यांची धोकादायक अनियमितता किंवा औषधे देऊनही गुठळ्या सुटत असतील, तरच ऑपरेशनचा विचार होतो. हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरते हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे यंत्र) व्रण उघडून गुठळी काढतात, कडेने टाका ओढून तोंड आवळतात, गरज पडल्यास डॅक्रॉन या कृत्रिम कापडाचा तुकडा शिवतात. पण शिवताना कप्पा फार लहान झाला तर प्रत्येक ठोक्याला रक्त कमी जाते. खरे कौशल्य इथेच लागते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिच’ चाचणीत १००० रुग्ण होते. बायपाससोबत कप्प्याची अशी पुनर्रचना केल्याने, नुसत्या बायपासपेक्षा कप्पा जास्त लहान झाला, पण मृत्यू किंवा हृदयविकारासाठी पुन्हा भरती होणे कमी झाले नाही.

गुठळी असल्यास वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) साधारण २ ते ३ ठेवतात. अंगात पाणी साठते का हे कळायला रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले मीठही मोजा.