चालायला लागला, पण दुकान सांभाळता येईना

मेंदूला मार लागल्यानंतरच्या पुनर्वसनाबद्दल आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेते. मी स्वतः व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारी; दवाखान्यात ज्याला नुसतं ‘ओटी’ म्हणतात ते.

प्रश्न : मुलगा दुचाकीवरून पडला, डोक्याचं ऑपरेशन झालं. आता चालतो, जिने चढतो. फिजिओथेरपी थांबवा म्हणाले. पण दुकानात बसवला की हिशेब चुकतो, सांगितलेलं विसरतो. कोणाकडे न्यावं? (सांगली)

फिजिओथेरपिस्टनी आपलं काम चोख केलंय. उरलेलं काम इतरांचं आहे, आणि ते इतर कोण, हे डिस्चार्जच्या वेळी बहुतेकांना कुणी सांगतच नाही. लक्ष, स्मरण, नियोजन यांतलं नेमकं काय बिघडलंय, हे न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या कामाचा अभ्यास असलेले मानसशास्त्रज्ञ, चाचण्यांनी मोजतात. शब्द सापडत नसतील, चारचौघांतलं बोलणं पकडता येत नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट. रोजच्या कामावर परत आणायचं ते आम्ही. या सगळ्यांची मोट बांधतात ते पीएमआरचे, म्हणजे पुनर्वसन वैद्यकाचे डॉक्टर. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची याच विषयाची संस्था आहे. केईएम, नायर आणि सायनला व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. एकदा तिथे पूर्ण तपासणी करून घ्या, पुढचा सराव सांगलीत करता येईल.

आमच्याकडे अशा मुलाला मी चहा करायला सांगते. पाणी ठेवलं, गॅस पेटवला, साखरेचा डबा शोधतोय, तेवढ्यात मुद्दाम फोन लावते. बोलणं संपल्यावर तो ओट्याकडे वळतो की बाहेर जाऊन बसतो, हे बघायचं असतं. कागदावरच्या चाचणीत पास झालेले इथे अडकतात.

दुकानात सुरुवात दुपारच्या शांत तासाने करा. रेडिओ बंद, एकच काम, समजा उधारीची वही. आणि ‘चुकू दे, चुकेल तेव्हा शिकेल’ हे सोडा. स्मरण कमजोर असेल तर आपण चुकलो हे आठवत नाही, हाताला वळण मात्र चुकीचंच पडतं. ब्रिटनमधल्या बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की अशा माणसाला चुकायची संधीच न देता शिकवलं तर ते जास्त टिकतं. म्हणून तो अंदाजाने लिहायच्या आत तुम्ही आकडा सांगा, तो लिहू दे. मग हळूहळू सांगणं कमी करा.

प्रश्न : माझे पती शांत स्वभावाचे. अपघातानंतर क्षुल्लक गोष्टीवरून भडकतात, मुलांसमोर नको ते बोलतात. पाहुण्यांसमोर मात्र ठीक. सासूबाई म्हणतात, तूच त्यांना डिवचतेस. (नाशिक)

ताई, तुम्ही डिवचत नाही आहात. धडकेत मेंदू पुढे फेकला जातो आणि कपाळामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो. रागाला लगाम घालणारी यंत्रणा तिथेच असते. अर्धा तास पाहुण्यांसमोर सावरून बसणं जमतं, पण त्यात सगळी शक्ती संपते आणि ते गेल्यावर भडका घरच्यांवर उडतो.

आमच्या अभ्यासक्रमात फिनिअस गेज सगळे शिकतात. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाचं काम करताना मीटरभर लांबीची पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो जगला, पण मुकादमाच्या जागेवर परत घेता येणार नाही इतका स्वभाव बदलला. शिकवणारे बहुधा इथेच थांबतात. पुढे तो चिलीमध्ये कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता, रोज तेच काम. त्या चाकोरीनेच तो सावरला असावा, असं अलीकडचे काही अभ्यासक मानतात.

तेव्हा दोन आठवडे राग कधी येतो ते लिहून ठेवा. संध्याकाळ, भूक, टीव्ही आणि मुलांचा एकत्र गोंगाट, हेच बहुतेक वेळा सापडतं. त्या वेळेआधी त्यांना अंधाऱ्या खोलीत पाऊण तास पडू द्या. भडकले की वाद न घालता खोलीबाहेर जा. ‘मी बदललोच नाही’ म्हणतील. तो हट्ट नसतो, स्वतःतला बदल जाणवणंही त्याच दुखापतीत गेलेलं असतं. हात उचलत असतील तर मात्र आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच गाठा, औषधांचा उपयोग होतो. पुढच्या अपॉइंटमेंटला सासूबाईंना सोबत न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडे काय फरक पडतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रश्न : भावाला मार लागून दोन वर्षं झाली. यापुढे सुधारणा नाही म्हणतात. एक केंद्र स्टेम सेलचं (शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याचं) पॅकेज देतंय. घ्यावं का? (ठाणे)

नको. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पॅकेजचा दर छापलाय, यातच काय ते समजा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरं. पण नवं शिकणं दोन वर्षांनी थांबत नाही. तेच पैसे थेरपिस्टच्या तासांना लावा.

प्रश्न : बारावीला आहे. या क्षेत्रात यायचंय. संशोधनाला वाव आहे का? (रत्नागिरी)

फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचाराच्या प्रवेशाला आपल्याकडे ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते. वाचा-श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघ. मानसशास्त्राकडे ओढा असेल तर एम.ए.नंतर आरसीआय-मान्य (भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं) क्लिनिकल प्रशिक्षण, त्यासाठी बंगळुरूचं निम्हान्स नावाजलेलं.

संशोधनाचं म्हणशील तर हे वाच. डोक्याला मार लागला की सूज उतरायला स्टिरॉइड द्यायचं, अशी वर्षानुवर्षं रीत होती. ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांवर रुग्ण घेतले आणि २००४ मध्ये कळलं, की स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त होते. २०१२ ची अमँटाडीन या औषधाची चाचणी तर थेट पुनर्वसनातली. तीन देशांतली ११ केंद्रं, भान पुरतं न आलेले १८४ रुग्ण. चार आठवडे औषध दिलं तेवढ्यात सुधारणा भराभर झाली, बंद केल्यावर वेग मंदावला. हे समजलं ते रुग्णाने हाक ऐकली का, वस्तू ओळखली का, याच्या ठरल्या वेळी केलेल्या काटेकोर नोंदींमुळे. असल्या नोंदींचा कंटाळा येत असेल तर दुसरं क्षेत्र निवड.

प्रश्न : हातपाय ठीक, म्हणून अपंगत्वाची टक्केवारी नगण्य आली. नोकरी मात्र गेली. नुकसानभरपाईचं काय? (कोल्हापूर)

२०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मेंदूची दुखापत हा वेगळा प्रकार नाही. वाचा गेली तर ती वाचा-भाषेच्या अपंगत्वात बसते, नुसतं स्मरण आणि स्वभाव बिघडलेल्यांची फरपट होते. ही त्या यादीतली मोठी उणीव आहे. अपघात दाव्यात मात्र शरीराची टक्केवारी शेवटची नसते. कमावण्याची क्षमता किती गेली ते न्यायाधिकरणाने पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केलंय. वकिलांना न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल द्या, आणि मालकाकडून कामावरून का कमी केलं ते लेखी घ्या, नेमकी कोणती कामं जमेनात त्यासकट.