पाचारणाची घाई नको

सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला, जायचं की नाही, याचं उत्तर प्रार्थनेत लगेच मागू नकोस, बाळा. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाने चार वेळा हाक मारली. पहिल्या तिन्ही वेळा पोरगं म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडेच धावलं. हाक देवाची आहे, हे एलीनेच ओळखलं. तुलाही एक एली लागेल. एखादे जाणते फादर बघ, महिन्यातून एकदा त्यांच्याशी मोकळेपणी बोल.

रोज सकाळी १५ मिनिटं पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत. (माझा उशाशी असायचा, कसली प्रार्थना!) बायबलमधलं स्तोत्र १३ घे. जेमतेम ६ वचनं, पण सुरुवातीलाच ‘किती काळ?’ असं चारदा विचारलंय. मन कोरडं पडलं की तेच वाच. तशा दिवसांत मी नुसती रोझरी, म्हणजे जपमाळ, ओढायचे. बोटं मण्यांवर, मन बाजारात. तरी बसायचे. डुलकी लागली तर लागू दे, जागा सोडू नकोस.