देवीचा मुखवटा इंग्लंडच्या लिलावात निघालाय, हक्क कुणाचा आणि करायचं काय

तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटो मोठे करून बघितले. थोडक्यात प्रश्न असा की भुदरगडाच्या पायथ्याला तुमचं गाव, गावदेवीच्या पालखीत बसायचे दोन पितळी मुखवटे, त्यातला एक 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडाच्या वेळी कंपनीच्या फौजेतल्या कुणा साहेबानं नेला असं घरातली म्हातारी माणसं सांगत आलीत, आणि आता इंग्लंडमधल्या एका ऑक्शन हाऊसच्या कॅटलॉगमध्ये तसाच मुखवटा दिसला, खाली लिहिलंय की कोल्हापूर भागातून 1844 मध्ये आणलेला, एका अधिकाऱ्याच्या वंशजांकडून. लिलावाला पाच आठवडे आहेत. तुमचे चुलते म्हणतात पूजा पिढ्यान्पिढ्या आपल्याकडं, म्हणून मुखवटा आपला. धाकटा भाऊ म्हणतो हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आलंय, रिट याचिका टाकूया. आणि मुंबईचा कुणी एजंट म्हणतोय चार लाख ॲडव्हान्स द्या, गुपचूप आणून देतो.

आधी एजंटचं. एक रुपया देऊ नका. तो काय आणेल, खरं की नकली, कळायला मार्ग नाही, आणि गुपचूप आणलेल्या वस्तूला कागद नसतो, उद्या कस्टमला अडकली तर देवी गोडाऊनमध्ये आणि तुम्ही चौकशीला.

आता हक्क कुणाचा. चुलत्यांना हे आवडणार नाही, पण मुखवटा तुमच्या घराचा नाही, तो देवीचा आहे. आपल्या कायद्यात मूर्ती ही स्वतः कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असते, पुजारी आणि ट्रस्टी तिच्या वतीनं सांभाळतात एवढंच. हे इंग्लंडच्या कोर्टानंही मानलंय. तमिळनाडूतल्या पथूर गावात 1976 मध्ये एका मजुराला नटराज जमिनीत सापडला, तो फिरत फिरत लंडनला गेला, तिथं पोलिसांनी धरला, आणि 1991 मध्ये तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं की पडकं का असेना पण ते देऊळ दावा लावू शकतं. नटराज परत आला. म्हणून मी म्हणतो की तुमचा अर्ज देवीच्या नावानं, देवस्थान ट्रस्टच्या ठरावानं जाऊ दे. चुलत्यांनी घराण्याच्या नावानं वेगळा अर्ज टाकला तर पलीकडचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल की तुमच्यातच ठरलं नाही मालक कोण, मग आम्ही द्यायचं कुणाला?

पण पथूरच्या केसवर फार भरोसा ठेवू नका, कारण आपला पुरावशेष म्हणजे जुन्या वस्तूंचा कायदा 1972 चा, तो लागू झाला 5 एप्रिल 1976 ला, आणि ती चोरी त्याच्या नंतरची. तुमचा मुखवटा गेला 1844 मध्ये. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा 1970 चा करार आहे खरा, भारत त्यात 1977 ला आला, ब्रिटन 2002 ला, पण तो मागच्या काळाला लागू होत नाही. शिवाय ब्रिटनच्या लिमिटेशन म्हणजे दाव्याच्या मुदतीच्या कायद्यात वस्तू प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याला सहा वर्षांनी मूळ मालकाचा हक्कच संपल्याचं संरक्षण मिळतं. आणि सगळ्यात मोठी धोंड आपल्याच मराठी मुलखातल्या केसनं टाकलीय. 1818 मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पेशव्यांच्या खजिनदाराची पुण्यातली संपत्ती जप्त केली, ती परत मागायला अमीरचंद बद्रीचंद मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात गेले, थेट एल्फिन्स्टनवर दावा, आणि जिंकले सुद्धा. पण 1830 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, निकाल फिरवला, म्हणाले ही लढाईतली कारवाई आहे, यात साध्या दिवाणी कोर्टाला पडता येत नाही. जवळपास दोनशे वर्षं झाली तरी हा निकाल वाचला की मला राग येतो, लुटणाऱ्यांनीच लुटीला लढाईचं नाव दिलं आणि त्यांच्याच कोर्टानं ते मान्य केलं.

म्हणून कोर्टात जिंकू असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. भावाच्या रिटचंही तेच, कोहिनूरसाठी सुप्रीम कोर्टात जनहित याचिका होती, 2017 मध्ये कोर्टानं ती बंद केली, परदेशातली वस्तू परत आणा किंवा तिचा लिलाव करू नका असा हुकूम आम्ही देऊ शकत नाही म्हणून. इथलं बेंच इंग्लंडच्या ऑक्शन हाऊसला हात लावू शकत नाही. सरकार तुमच्या अर्जावर गप्पच बसलं तर अर्ज निकाली काढा एवढं मागायला रिट कामाचं, पण ते नंतर.

तरी मी आशा सोडलेली नाही, कारण वस्तू खासगी माणसाकडं आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असती तर 1963 चा त्यांचा कायदा आडवा आला असता, ट्रस्टींना द्यावंसं वाटलं तरी नुसत्या नैतिक कारणासाठी देता येत नाही असं 2005 मध्ये तिथल्या हायकोर्टानं सांगितलंय. ग्लासगोच्या म्युझियमनं 2022 मध्ये भारताच्या सात वस्तू द्यायचा करार केला, कारण ते नगरपालिकेचं आहे, निर्णय त्यांच्या हातात होता. खासगी मालकालाही असाच निर्णय घेता येतो, फक्त त्याला तो घ्यावासा वाटला पाहिजे.

आणि लिलावाच्या आधीचे हे पाच आठवडे हीच तुमची खरी ताकद. 2025 च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथल्या बुद्धाच्या अवशेषांसोबतच्या रत्नांचा हाँगकाँगला लिलाव ठरला होता, 1898 मध्ये ती एका इंग्रज जमीनदारानं उकरून काढली होती, आपल्या सांस्कृतिक मंत्रालयानं नोटीस काढली आणि लिलाव थांबला, पुढं जुलैमध्ये गोदरेजच्या मदतीनं रत्नं परत आली. त्याच वर्षी नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात चक्क पैसे मोजून घेतली, सुमारे 47 लाखांना. आपलीच वस्तू विकत घ्यायची हे मलाही झोंबतं, पण तलवार आज महाराष्ट्रात आहे.

तर नोटीस आजच तयार करायला घ्या. ऑक्शन हाऊसला ट्रस्टकडून लेखी कळवायचं की ही देवीच्या पूजेतली वस्तू आहे, 1844 मध्ये देवळातून गेली, मालकीवर आमची हरकत आहे. एकदा ही हरकत त्यांच्या दप्तरी लागली आणि लिलावात जाहीर झाली की घेणाऱ्याला मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि वाद असलेली वस्तू घ्यायला लोक कचरतात. त्याच्या प्रती दिल्लीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, मुंबईला राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाला आणि आपल्या कलेक्टरना. पत्रात एक वाक्य मी आवर्जून घालणार आहे, की सामानगड-भुदरगड-पन्हाळ्यावर बंड गडकऱ्यांनी केलं होतं, देवीनं नाही.

पुराव्याचं बोलू. आजोबांच्या वहीतली नोंद चांगली आहे पण ती 1950 नंतरची, ऐकीव. कॅटलॉगमधली ओळ त्याहून मोलाची, कारण ती समोरच्याची कबुली आहे, ते पान आजच तारखेसकट प्रिंट करून ठेवा, उद्या ते बदलतील. पण मला खरा पुरावा तुमच्या फोटोत दिसला. गावातल्या मुखवट्याच्या डाव्या नाकपुडीला नथीचं भोक जरा वर सरकलंय आणि हनुवटीखाली ठोक्यांची सात टिंबं आहेत, कॅटलॉगमधल्या मुखवट्याला भोक तसंच उजवीकडं, आणि टिंबं तेवढीच. एकाच तांबटाच्या हातची जोडी वाटतेय मला. हे जाणकाराकडून लिहून घ्यायला पाहिजे, टाऊन हॉल म्युझियममध्ये विचारा, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची रोमन मूर्ती जिथं ठेवलीय तिथं. आणि हात जोडून सांगतो, जत्रा जवळ आलीय म्हणून तो मुखवटा चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, धातूवर चढलेला जुना थर हाच तुमचा साक्षीदार आहे.

अजून एक, गावात राहिलेला मुखवटा पण शंभर वर्षांवरचा आणि धातूचा, त्याची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं नोंद असायला पाहिजे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणजे झाली नसणार. नोंद झाली की एकाचा कागद दुसऱ्याला आधार होतो, आणि हाही कधी गेला तर शोधायला सरकारी फोटो असतो. धर्मादाय आयुक्तालयातून ट्रस्टच्या शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीचा, उतारा काढा, जंगम मालमत्तेत मुखवटे लिहिलेत का बघा, नसतील तर बदल अर्ज टाकू. लिलावात बोली लावायची वेळ आली आणि ट्रस्टचा पैसा वापरायचा झाला तर त्याच ऑफिसला आधी विचारायचं, वर्गणीचा हिशोब वेगळा ठेवायचा.

शनिवारी कसबा बावड्याला ऑफिसात या, ट्रस्टचा ठराव सगळ्यांच्या सहीनं, चुलत्यांच्या सुद्धा, आणि त्यांना बरोबर घेऊनच या, त्यांच्याशी मी स्वतः बोलतो. मुखवटा आणू नका, तो देवळातच राहू दे, फक्त चारी बाजूनं पट्टी ठेवून काढलेले फोटो आणा.