जिन्यातला स्विच बदलताना

नौपाड्यातल्या जुन्या घराचा जिना, खाली एक स्विच आणि वर एक. म्हणजे स्विच टू-वे असणार, एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद करणारा. दुकानात साधा स्विच घेऊ नका, मागे तीन स्क्रू असलेला 6 अँपिअरचा टू-वे मागा.

मेन बंद करा. नुसता दिवा विझवून भागत नाही. दिवा बंद असला तरी दोन स्विचमधल्या वायरींपैकी एकीत 230 व्होल्ट असतातच. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून घ्या, मेन पाडल्यावर बोर्डातल्या प्रत्येक वायरला लावा.

बोर्ड उघडला की लगेच काही सोडवू नका. फोटो काढा आणि कॉमनच्या, म्हणजे बाकी दोन स्क्रूंना आलटून-पालटून जोडल्या जाणाऱ्या, स्क्रूतल्या वायरला टेप गुंडाळा. कॉमन बहुधा मधला असतो, तरी स्विचवरची खूण बघा. सगळं या एका वायरवर आहे. ती चुकली की एक स्विच विशिष्ट बाजूला असतानाच दुसरा चालतो. रंगांवर विसंबू नका, जुन्या कामात तिन्ही लाल निघतात.

पावसाने भिंत ओली असेल तर थांबा. आणि वायरवरचं रबर बोटांनी चुरा होत असेल, तर कृपा करून तिथेच हात आवरा, परवानाधारक वायरमनला बोलवा.