कोरड्या भागात नदी भूजलाला पाणी देते की भूजल नदीला?

तुम्ही विचारलंय की पुराचं पाणी पूरमैदानाखाली, म्हणजे पुरात बुडणाऱ्या काठच्या सपाट जमिनीखाली, मुरतं का आणि नदी उतरल्यावर तेच परत पात्रात येतं का. दोन्ही होतं, पण कोरड्या भागात मुरणं जास्त, परतणं कमी. पाऊस भरपूर असतो तिथे भूजलाची पातळी पात्रापेक्षा वर असते, म्हणून पाऊस थांबल्यावरही नदी वाहते. कोरड्या भागात भूजलाची पातळी बहुधा पात्राच्या खाली असते आणि नदीच जमिनीला पाणी देते.

मी अशा मैदानातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजली आहे. फीत खाली सोडायची, टोक पाण्याला टेकलं की बजर वाजतो. पुरानंतर काठालगतच्या विहिरीत तो लवकर वाजायचा. लांबच्या विहिरीला कित्येक आठवडे पुराची खबरच नसायची. म्हणून पूर किती चढला यापेक्षा किती दिवस टिकला, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरं म्हणजे गाळ. ओसरत्या पुरातला बारीक गाळ वाळूवर सायीसारखा धरतो आणि ती पातळ खपलीसुद्धा पाणी अडवते. जोरदार पुराने ती खरवडून नेली की पाणी पुन्हा मुरू लागतं.

चीनमधल्या तारिम नदीचा खालचा सुमारे 300 किलोमीटरचा टप्पा 1970च्या दशकात धरणानंतर कोरडा पडला, काठची पॉपलरची झाडं वाळली. 2000 पासून मुद्दाम पाणी सोडल्यावर भूजल वर आलं, पण काठाजवळ जास्त आणि लांब गेलं की कमी. पालवीही तशीच पट्ट्यात फुटली.

आता खारेपणा, ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खालच्या टप्प्यात मैदानाखालचं भूजल खारं आहे. नदीतून झिरपलेलं गोडं पाणी हलकं, त्यामुळे काठाजवळ ते खाऱ्यावर तरंगतं आणि रेड गमची झाडं त्यावर तगतात. बंधाऱ्यांमुळे तिथे खाऱ्या भूजलाची पातळी वर आली आणि मोठे पूरही कमी झाले. मग ऊन पाणी ओढून नेतं, मीठ मुळांशी साचतं. पूर ओसरताना काठातून परतणारं पाणी त्यातलंच मीठ नदीत आणतं.

तुमच्या जागी काय चाललंय ते बघायचं तर नदी, काठची विहीर आणि लांबची विहीर यांच्या पातळ्या एकाच संदर्भबिंदूपासून, म्हणजे उंचीच्या एकाच ठरावीक खुणेपासून, एकाच दिवशी मोजा. पाणी उंचीकडून उताराकडे जातं. सोबत क्षारताही नोंदवा, आणि हे पुराआधी एकदा, पूर चालू असताना एकदा, ओसरल्यावर महिन्याने एकदा करा.