ख्रिस्ती माणसाने स्पष्ट बोलणे चुकीचे आहे का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात तुम्ही चर्चच्या समितीवर काम करता, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) खर्चाचा हिशेब वेळेवर न देणाऱ्या एका सभासदाला तुम्ही भर बैठकीत खडसावले, आणि तेव्हापासून ‘ख्रिस्ती माणसाला असले बोलणे शोभत नाही’ असे तुम्हाला ऐकावे लागत आहे. गोड बोलून सत्य झाकणे हेही पापच नाही का, असे तुम्ही विचारले आहे. मी मालवणकडचा कॅथलिक आहे, त्यामुळे उत्तर त्या परंपरेतून देतो. मात्र यातला बराचसा भाग आपल्या किनाऱ्यावरच्या प्रोटेस्टंट बांधवांनाही मान्य व्हावा.

सुरुवातीलाच सांगतो की गोड बोलण्याची सक्ती बायबलमध्ये मला कुठेही आढळलेली नाही. प्रभू येशूने शास्त्री आणि परुशी या त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली (मत्तय 23:27) आणि ज्या पेत्राला त्याने सर्वांत जवळ केले होते त्यालाच ‘सैताना, माझ्या मागे हो’ असे बजावले (मार्क 8:33). पौलानेही अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केल्याचे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वतःच नोंदवले आहे. या प्रसंगांतली भाषा कठोर आहे, पण ज्याला उद्देशून ती वापरली तो समोर उभा होता आणि बोलणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी आस्था होती. तेव्हा तुमचे शब्द किती तिखट होते यापेक्षा ते कोणासमोर, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी उच्चारले गेले, याचा विचार आधी करायला हवा.

या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटणारा उतारा याकोबाच्या पत्रातला जिभेविषयीचा प्रसिद्ध भाग नसून बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली सलग 3 वचने आहेत. 16व्या वचनात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरू नये अशी आज्ञा आहे. 17व्या वचनात आपल्या भावाचा मनात द्वेष धरू नये, शेजाऱ्याला त्याचा दोष अवश्य दाखवावा, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा आपल्यावर येतो, असे म्हटले आहे. त्यानंतर 18व्या वचनात ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा येते, जी प्रभूने पुढे दोन थोर आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली. आपण बहुतेक वेळा शेवटचे वचन तेवढे पाठ करतो, पण ते ज्या क्रमाने आले आहे तो क्रम पाहिला तर मागून बोलणे आणि मनात कुढत बसणे या दोन्ही वाटा आधी बंद केलेल्या दिसतात, आणि समोर जाऊन सांगण्याची एकच वाट मोकळी राहते. शेजाऱ्यावरची प्रीती या वाटेने जाते, हे लक्षात घेतले की स्पष्टपणा आणि प्रेम यांपैकी एक निवडण्याची गरजच उरत नाही.

आता आपल्या भागाविषयी थोडे बोलणे भाग आहे. तोंडावर फटकळपणे बोलण्याबद्दल कोकणी माणूस उगाच बदनाम झाला आहे, असे माझे मत आहे. मालवणी मित्र भेटल्याबरोबर एकमेकांना जी विशेषणे लावतात ती ऐकून बाहेरगावच्या पाहुण्याचे कान लाल होतात, पण त्या शिवीत वैर नसते हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. (ती लहान मुलांसमोर द्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझे उत्तर नाही असे आहे.) आपला खरा दोष गजालींमध्ये, म्हणजे रिकाम्या गप्पांमध्ये आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, बंदरावर होडीची वाट पाहताना किंवा संध्याकाळी खुरिसापुढची (क्रुसापुढची) लादीन ही प्रार्थना आटोपल्यावर जो माणूस तिथे हजर नाही त्याचे घर, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलीचे लग्न हे विषय सहज निघतात, आणि ‘मी काही खोटे सांगत नाही’ हे वाक्य त्या सगळ्यावर पांघरूण म्हणून घातले जाते.

कॅथलिक धर्मशिक्षण हे पांघरूण काढून घेते. 1992 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर केलेल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या 2477व्या परिच्छेदात, दुसऱ्याच्या लौकिकाला धक्का लावणारे तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत: पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणे, योग्य कारण नसताना त्याचे खरे दोष ज्यांना ठाऊक नाहीत अशांना सांगणे, आणि खोटे बोलून त्याची बदनामी करणे. यातला मधला दोष नीट पाहा. तिथे सांगितलेली गोष्ट खरी असते आणि तरीही ते पाप ठरते. ‘खरे आहे म्हणून बोललो’ हा बचाव त्यामुळे पुरा पडत नाही. ज्याला ते ऐकण्याची गरज होती त्यालाच ते सांगितले का, याचेही उत्तर द्यावे लागते.

तुमच्या प्रसंगाला हेच लावून पाहू. मत्तय 18:15-17 मध्ये प्रभूने घालून दिलेला क्रम असा आहे की भावाने अपराध केला तर प्रथम एकांतात, दोघेच असताना, त्याला तो दाखवावा. त्याने ऐकले नाही तर आणखी एक-दोन जणांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवावे. तुम्ही तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली. पहिल्या पायरीवर चूक मान्य करणाऱ्याची अब्रू शिल्लक राहते, म्हणून ती मान्य करणे त्याला सोपे जाते. चारचौघांत तोच माणूस आपला बचाव करू लागतो आणि मग हिशेब बाजूला राहून मानापमानाचा वाद सुरू होतो. पौलाने पेत्राला सर्वांदेखत बोल लावला हे खरे, पण पेत्राच्या वागण्याने इतरही बहकले होते आणि ती गोष्ट आधीच उघड होती. हिशेबाला झालेला उशीर त्या जातीचा नाही. मंडपवाल्याचे किंवा बँडवाल्याचे बिल अडकले असेल, घरात आजारपण असेल, किंवा त्या गृहस्थांना आकडेमोड जमत नसेल आणि ते सांगायची लाज वाटत असेल.

म्हणूनच आरोपाआधी प्रश्न विचारावा. सोळाव्या शतकात परस्परविरोधी बाजूंना उभे असलेले दोघे जण या मुद्द्यावर मात्र जवळ येतात. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने 1529च्या लहान प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेचा अर्थ सांगताना शेजाऱ्याच्या कृतीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा असे लिहिले, तर येशूसंघाचे कॅथलिक संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी 1548 साली छापलेल्या आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाच्या आरंभी, दुसऱ्याचे म्हणणे खोडण्यापेक्षा ते सावरून घेण्यास तत्पर असावे आणि ते जमत नसेल तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे विचारावे, असे सांगितले.

शब्द कसे निवडावेत याचा उत्तम नमुना हवा असेल तर पौलाने फिलेमोनाला लिहिलेले अवघ्या 25 वचनांचे पत्र वाचा. फिलेमोनाला सोडून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतो आहे. आज्ञा करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तो स्पष्ट लिहितो, आणि तरीही प्रीतीस्तव विनंती करणे पसंत करतो. मूळ मागणी तो तसूभरही सैल करीत नाही. उलट, अनेसिम काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असेही लिहून देतो. समितीच्या हिशेबावरून चाललेल्या वादात हे वचन मोठ्याने वाचायला हरकत नाही.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. सौम्यतेच्या नावाखाली अन्याय झाकायचा नसतो. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘एकांतात समजावून सांग’ असा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. तिथे बाहेरची मदत आधी घ्यावी. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, असे नीतिसूत्रे 31:8 मध्ये सांगितले आहे. पैशाचा अपहार खरोखर झाला असेल, तर तोही समितीत आणि फादरांपुढे यायलाच हवा.

तुमच्यापुरते सांगायचे तर त्या गृहस्थांच्या घरी एकदा जा. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकू नका; त्यावर अंगठे आणि हात जोडलेली चित्रे येतील आणि दुरावा तसाच राहील. तुम्ही त्यांना बैठकीत दुखावले असल्यामुळे, घरी बोलणे झाल्यावर पुढच्या बैठकीतही ‘मी हे तुम्हाला आधी एकट्याने विचारायला हवे होते’ एवढे एक वाक्य सर्वांसमोर म्हणा, त्याला ‘पण’ जोडू नका. हिशेबाची मागणी मात्र मागे घेण्याचे कारण नाही. पावत्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे त्याच भेटीत विचारा, आणि त्यांना जुळवाजुळव जमत नसेल तर वही घेऊन त्यांच्याबरोबर बसा.